सन १८१८ चा अर्धा आणा



गेल्या पावसाळी सत्रांत इयत्ता नववीच्या वर्गांत पेशवाईच्या अखेरचा पाठ चालला असतां एक विद्यार्थी उठून उभा राहिला, व त्यानें रुमालाची गांठ सोडून एक नाणें आमच्या मेजावर ठेविलें. "सर, आपण आतां सांगितलें तेंच साल यावर आहे," एवढेंच तो बोलला. नाणें तांब्याचें होतें. एका बाजूस भोंवतीं 'ईस्ट इंडिया कंपनी', मध्यें पानांच्या वेष्टनांत 'अर्धा आणा' आणि खालीं सन १८१८, हें सर्व इंग्रजींत. दुसऱ्या बाजूस सिंहासनावर राम व सीता, शेजारीं लक्ष्मण आणि पायांशीं हनुमान. मुलें बांकांवरून उठून मेजाभोंवतीं जमलीं. आम्हांसही तें हातांत घेऊन उलटसुलट पाहण्याचा मोह आवरला नाहीं.

तास संपल्यावर तो मुलगा मागें राहिला व हळूहळू त्यानें सर्व हकीगत सांगितली. नाणें आजोबांच्या पेटींत सांपडलें. आजीनें तें देवघरांत ठेविलें. पुढें कोणा गृहस्थाच्या कानीं ही गोष्ट गेली. तो घरीं आला आणि म्हणाला कीं, या नाण्यास परदेशांत चाळीस लाख रुपये देणारा ग्राहक तयार आहे. मात्र त्याआधीं नाण्याची शास्त्रीय तपासणी झाली पाहिजे, व तिचा खर्च साठ हजार रुपये मालकानें सोसावयाचा. थोरल्या बहिणीच्या कॉलेजसाठीं बाबांनीं जमविलेले पैसे घरांत होते. येत्या रविवारीं ते त्या गृहस्थाच्या हातीं द्यावयाचे ठरले होतें. "सर, नाणें खरें आहे ना?" असें त्यानें विचारलें. त्यास आमच्याकडून होकारच हवा होता, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें.

आम्हीं त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. "उद्यां आणि परवां हें नाणें घेऊन ये, सर्व वर्ग मिळून त्याची साक्ष काढूं," असें सांगितलें. त्या दोन तासांत जें झालें तें येथें देत आहों. कारण अशीं नाणीं या एकाच घरीं आहेत असें नाहीं, आणि हा अंक मुलांबरोबर पालकांच्याही हातीं पडतो.

प्रथम कांहीं शब्दांचे अर्थ निश्चित करूं. जें नाणें आज चलनांत आहे त्याची नक्कल करून ती बाजारांत खपविणें, यास आपण खोटें नाणें म्हणतों. एखाद्या जुन्या, खऱ्या नाण्याची हुबेहूब नक्कल केली तर ती प्रतिकृति. परंतु जें नाणें कोणत्याही सरकारानें कोणत्याही टांकसाळींत केव्हांही पाडलें नाहीं, तें जणूं पूर्वीं होतेंच अशा थाटानें घडविलें, म्हणजे तें कल्पित नाणें होय. प्रतिकृति ताडून पाहण्यास मूळ नाणें तरी मिळतें. कल्पित नाण्यास मूळच नसतें. म्हणून त्याची परीक्षा इतिहासाच्या आधारेंच करावी लागते.

पहिला प्रश्न सालाचा. अशा नाण्यांवर १६१६, १७१७ व १८१८ हीं सालें वारंवार आढळतात. तीं मोठ्यानें उच्चारून पाहा: सोळा-सोळा, सतरा-सतरा, अठरा-अठरा. अशीं जुळीं सालें कानास गोड लागतात आणि सहज लक्षांत राहतात. पण त्या सालीं काय चाललें होतें तें पाहूं. ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली ती १६०० सालच्या अखेरच्या दिवशीं. १६१५ मध्यें सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुरतेस उतरला, आणि १६१६ च्या आरंभीं तो अजमेरास जहांगीर बादशहाच्या दरबारीं जाऊन व्यापाराच्या सवलती मागत होता. ज्यांस वखारीच्या परवानगीसाठीं बादशहाच्या दाराशीं तिष्ठावें लागत होतें, ते त्याच बादशहाच्या मुलखांत स्वतःच्या नांवाचीं नाणीं पाडतील काय? मुंबई बेट कंपनीच्या ताब्यांत आलें तेंच मुळीं १६६८ सालीं. १७१७ मध्यें फर्रुखसियर बादशहानें कंपनीस जें फर्मान दिलें, त्यांत मुंबईच्या टांकसाळीचें नाणें बादशाही मुलखांत चालावें अशी सवलत होती. तें नाणें कसें होतें? त्यावर फारसी लिपींत मोंगल बादशहाचें नांव असे. लोकांनीं आपला रुपया विश्वासानें घ्यावा म्हणून कंपनीनें बादशहाच्याच नांवाचा आश्रय केला होता.

आतां १८१८. त्या सालच्या जून महिन्यांत दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला व पेशवाई संपली. राज्य बदललें म्हणून बाजारांतील पैसा एका दिवसांत बदलत नाहीं. पुण्यांत अंकुशाच्या चिन्हाचा अंकुशी रुपया चालत होता. तांब्यांत शिवराई चालत होती. शिवछत्रपतींच्या काळापासून चालत आलेलें हें नाणें. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं नागरी अक्षरें. कंपनीच्या तीन इलाख्यांत मात्र तीन तऱ्हा होत्या. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर एका बाजूस कंपनीचें चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस तराजू असे, व पारड्यांच्या मध्यें फारसी लिपींत 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द असे. बंगालच्या तांब्याच्या पैशावर 'एक पाई सिक्का' हे शब्द बंगाली, फारसी व नागरी अशा तीन लिप्यांत होते. मद्रासकडे १८०३ मध्यें वीस, दहा, पांच व एक काश अशीं नाणीं विलायतेंत पाडून आणलीं होतीं. एका इलाख्याचा पैसा दुसऱ्यांत नेला कीं सराफाच्या दुकानीं जाऊन हिशेब करावा लागे.

ही अडचण १८३५ च्या कायद्यानें दूर झाली. सर्व इलाख्यांसाठीं एकच रुपया ठरला. त्याचें वजन १८० ग्रेन, व त्यावर चौथ्या विल्यम राजाचा मुखवटा. तांब्याचा अर्धा आणा २०० ग्रेनचा व पाव आणा १०० ग्रेनचा ठरला. यांच्या एका बाजूस दोन सिंहांनीं धरलेली कंपनीची ढाल व साल, आणि दुसऱ्या बाजूस पानांच्या वेष्टनांत नाण्याची किंमत व भोंवतीं 'ईस्ट इंडिया कंपनी'. आम्हीं फळ्यावर या खऱ्या अर्ध्या आण्याचें चित्र काढलें, तेव्हां मागील बांकावरील एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, याच्या नाण्यावरचें वेष्टन तर हेंच आहे!" तसेंच होतें. घडविणाऱ्यानें १८३५ चा पोशाख १८१८ सालास चढविला होता. या रूपाचा, इंग्रजी अक्षरांचा अर्धा आणा १८१८ मध्यें कोणत्याही इलाख्यांत नव्हता. कित्येक कल्पित नाण्यांवर तर 'एक आणा' असें लिहिलेलें असतें. एक आण्याचें इंग्रजी अक्षरांचें नाणें लोकांच्या हातीं आलें तें सातव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, तेंही निकेलमिश्रित धातूचें व नागमोडी कडेचें. तोंपर्यंत कंपनी नामशेष झालेली होती. तिची राजसत्ता १८५८ मध्यें गेली आणि १८७४ मध्यें ती विसर्जित झाली.

दुसरा प्रश्न चित्राचा. येथें एका विद्यार्थिनीनें घाईनें निकाल दिला कीं, इंग्रज कंपनी आपल्या नाण्यावर हिंदु देवता कशाला घालील? हा तर्क वाटतो सरळ, पण तो चुकीचा आहे. दक्षिणेंत होन ऊर्फ पागोडा नांवाचें सोन्याचें नाणें पूर्वींपासून चालत असे, व त्यावर देवतेची मूर्ति असे. मद्रासच्या लोकांचा विश्वास त्याच नाण्यावर होता. म्हणून कंपनीनेंही विष्णूची मूर्ति असलेले पागोडे पाडले. १८०७ च्या सुमारास तिनें रुप्याचे अर्धा व पाव पागोडा काढले. त्यांच्या एका बाजूस देवळाचें गोपुर आणि दुसऱ्या बाजूस विष्णु आहे, व किंमत इंग्रजी, फारसी, तमिळ व तेलुगु अशा चार लिप्यांत आहे. त्याच्याही पूर्वीं अकबर बादशहानें आपल्या अखेरच्या दिवसांत राम-सीतेचें चित्र असलेलें नाणें काढलें होतें. त्यावर नागरी अक्षरें आहेत. तेव्हां देवतेचें चित्र दिसलें म्हणून नाणें खोटें ठरत नाहीं. त्या सालीं, त्या ठिकाणीं, त्या किंमतीच्या नाण्यावर तें चित्र होतें काय, हें पाहिलें पाहिजे. विष्णूची मूर्ति मद्रासच्या पागोड्यावर होती; राम-सीता व हनुमान यांचीं चित्रें कंपनीच्या कोणत्याही अर्ध्या आण्यावर नाहींत.

मग हें चित्र आलें कोठून? आपल्या देशांत रामटंका नांवाचे देवस्थानी टांक फार पूर्वींपासून आहेत. यात्रेकरू ते तीर्थाहून आणीत, पूजेंत ठेवीत व मुलाबाळांस देत. ते पैसे नव्हते आणि तसा कोणाचा दावाही नव्हता. कल्पित नाणें घडविणाऱ्यानें या टांकाचें चित्र घेतलें व त्याच्या पाठीवर कंपनीचें नांव आणि साल ठोकलें. देवतेमुळें मनांत आदर उत्पन्न होतो, इंग्रजी अक्षरांमुळें सरकारी थाट येतो. दोन्ही एकत्र आलीं कीं शंका विचारण्याचें धैर्य होत नाहीं.

तिसरा प्रश्न अधिक बारीक आहे. "सर, खऱ्या नाण्यावरचें साल तरी नेहमीं खरें असतें काय?" असें त्याच मुलीनें विचारलें, व हा प्रश्न ऐकून आम्हांस फार संतोष वाटला. उत्तर असें कीं, नेहमीं खरें नसतें. बादशाही पद्धतींत रुपयावर राज्यवर्षाचा आंकडा असे, आणि मागील वर्षांचा रुपया सराफ बट्टा लावून घेत. रुपें तितकेंच असूनही गरिबाचा पैसा कमी भरे. हा बट्टा मोडावा म्हणून कंपनीनें बंगालच्या सिक्का रुपयावर शाहआलम बादशहाच्या १९ व्या राज्यवर्षाचा आंकडा कायम केला. शाहआलम १८०६ मध्यें वारला, तरी पुढें कित्येक वर्षें तोच आंकडा नव्या रुपयांवर पडत होता. तसेंच व्हिक्टोरिया राणीच्या ज्या रुपयांवर १८६२ हें साल आहे, ते १८७४ पर्यंत पाडले जात होते. हीं नाणीं खरीं आहेत, आंकडा मात्र गोठविलेला आहे. पण तो कां गोठविला याचें कारण ठाऊक आहे व तें कागदोपत्रीं आहे. अठराशें अठराच्या अर्ध्या आण्याच्या पाठीमागें असा एकही कागद नाहीं. ना कायदा, ना टांकसाळीचा हिशेब. नाण्यावरील साल म्हणजे नाण्याचें म्हणणें. त्यास पुष्टि देणारा दुसरा साक्षीदार असल्याशिवाय तें मान्य करतां येत नाहीं.

चौथी परीक्षा प्रयोगशाळेंत झाली. अर्ध्या आण्याचें कायद्याचें वजन २०० ग्रेन, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम. मुलाचें नाणें तराजूंत घातलें तें साडेदहा ग्रॅमही भरलें नाहीं. भिंगांतून पाहतां अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर ओतकामाच्या बारीक छिद्रांच्या खुणा, व कडेस कानशीचे ओरखडे दिसले. टांकसाळींत पोलादी ठशांच्या दाबाखालीं पडलेल्या नाण्यास अशीं छिद्रें पडत नाहींत.

त्या गृहस्थानें आणखी एक चमत्कार सांगितला होता कीं, हें नाणें तांदळाचे दाणे आपणाकडे ओढून घेतें व म्हणूनच त्यास एवढी किंमत आहे. आम्हीं आमच्या डब्यांतील तांदूळ मेजावर पसरले व नाणें जवळ नेलें. एकही दाणा हलला नाहीं. नंतर कांहीं ओलसर दाण्यांस लोखंडाची बारीक पूड चोळून ते वाळविले, नाण्याच्या मागें लोहचुंबक धरला, आणि दाणे टपटप उड्या मारून नाण्यास चिकटले. मुलें हंसूं लागलीं. तांब्यास चुंबकत्व नाहीं आणि तांदळासही नाहीं. जो कोणी दाणे ओढून दाखवितो, त्याचे दाणे अगोदर तपासावेत.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. कल्पित नाणें घडविणें हा प्रत्येक वेळीं लबाडीचाच धंदा असतो असें नाहीं. आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारींत गादीवर आला व डिसेंबरांत त्यानें राज्यत्याग केला. हिंदुस्थानांत १९३६ सालचीं जीं नाणीं निघालीं त्यांवर पांचव्या जॉर्जचाच मुखवटा आहे. पूर्व व पश्चिम आफ्रिका, फिजी आणि न्यू गिनी येथील भोंक असलेल्या लहान नाण्यांवर एडवर्डचें नुसतें नांव आलें. मुखवटा घालण्यास जागाच नव्हती. पुढें संग्राहकांच्या हौसेसाठीं खासगी कारागिरांनीं त्याच्या मुखवट्याचीं मोठीं नाणीं, निरनिराळ्या वसाहतींचीं नांवें घालून, घडविलीं. घेणाऱ्यास ठाऊक असतें कीं असें नाणें कधीं नव्हतें. 'असतें तर कसें दिसलें असतें' या कुतूहलासाठीं तो तें घेतो व त्याची किंमत त्या मानानेंच देतो. असें विकणारा कोणास फसवीत नाहीं. तीच वस्तु दुसऱ्या कोणीं 'अस्सल पुरातन' म्हणून विकली कीं तेथें फसवणूक सुरू होते. म्हणून परीक्षा नाण्याबरोबर विकणाऱ्याच्या शब्दांचीही केली पाहिजे.

शनिवारीं सायंकाळीं मुलाचे वडील आमच्या घरीं आले. मुलानें वहींत लिहून नेलेलें सर्व त्यांनीं वाचलें होतें. तरीही त्यांच्या मनांत आशा होती. "सर, हजारांत एखादें खरें निघालें तर?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "क्षणभर खरें धरूं. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांपूर्वींचें नाणें पुरावस्तु ठरतें, व खासगी माणसास तें परदेशीं पाठविण्याची मनाई आहे. म्हणजे खरें असेल तर तो परदेशी ग्राहक तें नेऊं शकत नाहीं. आणि खोटें असेल तर त्यास चाळीस लाख कोणी देणार नाहीं. आपले साठ हजार मात्र दोन्ही वेळां जाणार." १९२१ असो कीं २०२१, लोभाची तऱ्हा एकच. २०२१ च्या ऑगस्टमध्यें रिझर्व्ह बँकेनें लोकांस जाहीर इशारा दिला होता कीं, आपल्या नांवाचा उपयोग करून कांहीं लोक जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठीं शुल्क, दलाली व कर मागत आहेत. बँक असा व्यवहार करीत नाहीं व असें शुल्क कधींही मागत नाहीं. तोही कागद आम्हीं त्यांस दाखविला.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घरांत सगळ्यांना सांगून बसलों आहें, सर." आम्ही यावर कांहीं बोललों नाहीं, चहाचा पेला पुढें केला. फसल्याच्या नुकसानीपेक्षां, आपण फसत होतों हें घरीं सांगणें पुष्कळांस जड जातें, आणि ठक लोकांस हें पक्कें ठाऊक असतें. ज्यांचे पैसे गेलेले असतील त्यांनीं याच संकोचानें गप्प बसूं नये. पोलिसांस कळवावें, म्हणजे निदान पुढचें घर वांचेल.

रविवारीं पैसे दिले गेले नाहींत. "आधीं तपासणी करा, खर्च विक्रीच्या रकमेंतून कापून घ्या," असें वडिलांनीं त्या गृहस्थास सांगितलें. त्यानंतर त्याचा फोन लागला नाहीं. आजीनें नाणें पुन्हां देवघरांत ठेविलें. ती म्हणाली, "साल खोटें असेल, पण वरचे राम-सीता काय खोटे?" यावर आम्हांस बोलण्याचा अधिकार नाहीं. श्रद्धेचा टांक म्हणून तें तेथें सुखानें राहो. इतिहासाचा पुरावा म्हणून त्यानें पुढें येऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें होतें.

सोमवारीं तो मुलगा दुसरेंच एक नाणें घेऊन आला. आजीच्या चंचींत सुपारीच्या खांडांबरोबर तें कित्येक वर्षें पडलें होतें. कोणीं त्याकडे लक्ष दिलें नव्हतें. झिजलेलें, काळवंडलेलें, वेडेंवांकडें तांबें. भिंगाखालीं धरल्यावर एका बाजूस 'राजा' आणि दुसऱ्या बाजूस 'पति' एवढींच अक्षरें लागलीं. ती शिवराई होती. बाजारांत तिला फारशी किंमत येणार नाहीं, कारण शिवराया पुष्कळ आहेत. पण ज्या बाजारांत १८१८ सालीं आपल्या पणज्यांच्या पणज्यांनीं मीठ-मिरची विकत घेतली, तेथें अशीच नाणीं हातोहात फिरत होतीं. मुलानें तिच्यासाठीं एक पुठ्ठ्याची डबी केली व तिच्यावर चिठी लावली: 'शिवराई. तांबें. आजीच्या चंचींतून. साल ठाऊक नाहीं.' शेवटचें वाक्य वाचून आम्हीं त्याची पाठ थोपटली.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत घरीं गेल्यावर आजी-आजोबांच्या पेट्या जरूर उघडा, सांपडेल तें नाणें पाहा, मोजा, तोला, आणि आम्हांस आणून दाखवा. घासून-पुसून मात्र त्यास चकाकी आणूं नका. जुन्या नाण्यावरचा काळिमा हाही त्याच्या साक्षीचा भाग असतो. आणि पालकहो, कोणी तुमच्या नाण्यास लाखों रुपये देऊं करून आधीं थोडे पैसे मागूं लागला, तर त्यास पैसे देण्यापूर्वीं ही शाळा तुम्हांस दूर नाहीं, हें लक्षांत असूं द्या.